एअरब्रश आणि स्प्रे गन : रंग व यंत्र यांचा मेळ

रायगड जिल्ह्यातील पेण शहर आणि त्याच्या परिसरातील हमरापूर, जोहे या गावांतील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत ज्येष्ठ-आषाढात पाऊल ठेवले, तर प्रथम कानावर येतो तो कॉम्प्रेसरचा आवाज. मूर्तीच्या अंगाचा मूळ रंग, गालावरील व सोंडेवरील छटा, पितांबराच्या चुण्यांतील सावली ही कामे आता हवेच्या फवाऱ्याने होतात. डोळ्यांची आखणी मात्र आजही बारीक कुंचल्याने, हातानेच होते. ज्या मूर्तीचे अंग कुंचल्याने रंगविण्यास पूर्वी बराच वेळ लागे, तिच्यावर फवाऱ्याने काही मिनिटांत एकसारखा, कुंचल्याची रेघ न दिसणारा थर बसतो. म्हणूनच हे साधन कारागिरांनी आपलेसे केले.

परंतु गेल्या काही वर्षांत या साधनापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. मूर्तींच्या विसर्जनामुळे होणाऱ्या जलप्रदूषणासंबंधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. विषारी रासायनिक रंग व तेलरंग टाळून पाण्याचे, निर्विष रंग वापरावेत, असा त्यांचा रोख आहे. हेतू स्पष्ट आणि योग्य आहे. तथापि, थिनरच्या रंगासाठी घेतलेली गन, थिनरच्या रंगावर बसलेला हात आणि थिनरच्या रंगाने लागलेल्या सवयी पाण्याच्या रंगाला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. गन अडते, फवारा थुंकतो, रंग ओघळतो, आणि ‘पाण्याचा रंग मशीनला चालत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. सणाची तारीख ठरलेली असलेल्या या धंद्यात आठवडाभराचा खोळंबाही परवडत नाही. त्यामुळे अडचणीत सापडलेला कारागीर पुन्हा जुन्या रंगाकडे वळला, तर सर्व दोष त्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. नव्या रंगाबरोबर नवे ज्ञानही त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते.

यंत्राची घडण

एअरब्रश हे सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचे साधन आहे. अमेरिकेतील ॲब्नर पीलर यांनी १८७०-८० च्या दशकात त्याचे आद्य रूप तयार केले, आणि १८९३ मध्ये चार्ल्स बर्डिक यांनी त्याला जी घडण दिली, ती मूलतः आजही कायम आहे. स्प्रे गनची कुळकथा अधिक मनोरंजक आहे. अमेरिकेतील टोलिडो येथील ॲलन डेव्हिल्बिस हे वैद्यकीय व्यावसायिक होते. रुग्णाच्या घशात औषध फवारण्यासाठी त्यांनी १८८८ मध्ये एक फवारक तयार केला. पुढे त्यांच्या मुलाने तेच तत्त्व रंगकामाला लावले. घशाच्या औषधापासून मोटारीच्या रंगापर्यंतचा हा प्रवास तत्त्वाच्या दृष्टीने मात्र फार लांबचा नाही. पातळ द्रव वेगवान हवेच्या झोतात सोडला की त्याचे बारीक तुषार होतात, एवढेच ते तत्त्व होय.

एअरब्रशमध्ये एका निमुळत्या तोंडात तशीच निमुळती सुई बसविलेली असते. सुई मागे ओढली की तोंड आणि सुई यांच्यामधील फट उघडते, त्यातून रंग येतो व भोवतीच्या हवेत फुटतो. साध्या प्रकारात कळ दाबली की हवा व रंग एकाच वेळी सुटतात. दुहेरी कळीच्या प्रकारात दाबल्याने हवा व मागे ओढल्याने रंग येतो, त्यामुळे जाड-बारीक रेघ आणि गडद-फिकी छटा हाताच्या एकाच हालचालीत साधते. छटांच्या कामासाठी दुसरा प्रकारच उपयोगी. त्याची सवय होण्यास काही दिवस लागतात आणि तेवढे दिवस कारागिराला ते यंत्र नकोसे वाटते, हेही खरे.

तोंडाच्या छिद्राचा व्यास हा सर्वांत महत्त्वाचा आकडा. ०.२ मिलिमीटरचे तोंड शाई व अतिशय बारीक दळलेल्या रंगासाठी, ०.३ चे सर्वसाधारण कामासाठी आणि ०.५ चे ॲक्रिलिकसारख्या भरीव रंगासाठी योग्य असते. लहान स्प्रे गनचे तोंड ०.८ ते १ मिलिमीटर, मोटारीच्या रंगासाठीच्या गनचे १.३ ते १.४ च्या आसपास, आणि प्राइमरसाठी १.८ किंवा त्याहून अधिक असते. अंगाचा मूळ रंग लहान स्प्रे गनने, पितांबर व शेल्याच्या छटा ०.५ च्या एअरब्रशने आणि चेहऱ्यावरील नाजूक छटा ०.३ ने, अशी वाटणी केल्यास एकाच यंत्रावर सारा भार पडत नाही. एक महागडा एअरब्रश घेऊन त्यानेच सर्व कामे उरकू पाहणे हा खर्चाचा विपर्यास होय.

रंगातील कण आणि तोंडातील फट

कोणत्याही रंगात तीन घटक असतात : रंग देणारी पूड म्हणजे रंजकद्रव्य, ती पृष्ठभागाला धरून ठेवणारा बंधक, आणि दोहोंना वाहते ठेवणारा द्रव. यंत्राच्या दृष्टीने पहिला प्रश्न पुडीच्या कणांचा. पांढऱ्या रंगातील टिटॅनियम डायऑक्साइडचा कण मायक्रॉनच्या पावभागाइतका, म्हणजे मिलिमीटरच्या चार हजाराव्या भागाएवढा असतो. तो कोणत्याही तोंडातून सहज जातो. मूर्तीला झळाळी देणाऱ्या लस्टर रंगांची गोष्ट निराळी. त्यांतील अभ्रकाचे पापुद्रे साधारणतः १० ते ६० मायक्रॉन रुंद असतात. ०.२ मिलिमीटर म्हणजे २०० मायक्रॉन. मग ६० मायक्रॉनचा पापुद्रा अडतो का, असे वाटेल. पण त्या छिद्रात सुई उभी असते, आणि रंगाला प्रत्यक्ष मिळते ती सुईभोवतीची कडीसारखी अरुंद फट. कळ अर्धवट ओढलेली असताना ही फट पापुद्र्याएवढी किंवा त्याहूनही लहान होते. एक पापुद्रा आडवा बसला की त्यामागे दुसरा बसतो आणि गन बंद पडते. कारागीर दाब वाढवितो, तरी उपयोग होत नाही, कारण दोष दाबाचा नसून तोंडाच्या निवडीचा असतो. लस्टर व सोनेरी रंगासाठी ०.५ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, आणि कपातील रंग वारंवार ढवळावा, कारण हे जड पापुद्रे लवकर तळाशी बसतात.

हीच गोष्ट खडू मिसळलेल्या डिस्टेंपरची आणि नैसर्गिक रंगांची. गेरू हा लोहाच्या ऑक्साइडने रंगलेली माती होय. त्यात वाळूचे बारीक कण राहिले तर ते अडतात एवढेच नव्हे, तर तोंडाची धारही झिजवितात. गेरू पाण्यात कालवून, जड रेती खाली बसू देऊन, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि ते निवळल्यावर खाली बसलेला बारीक गाळ वापरावा. माती निवडण्याची ही जुनी रीत मूर्तिकाराला सांगावी लागत नाही, रंगासाठीही तीच रीत आहे एवढेच लक्षात आणून द्यावे लागते. हळदीचा रंग मोहक खरा, पण तो उजेडात लवकर विटतो आणि तिची पूड कितीही दळली तरी भरडच राहते. ती फवाऱ्यापेक्षा कुंचल्याला अधिक मानवते.

कोणताही रंग कपात ओतण्यापूर्वी मलमलीच्या दुपदरी फडक्यातून गाळून घ्यावा. ही पाच मिनिटांची टाळाटाळ पुढे अर्ध्या तासाची खोटी करते.

किती पातळ, किती दाब

एअरब्रशसाठी रंग दुधाइतका पातळ असावा, असा सर्वत्र सांगितला जाणारा नियम आहे. नियम चांगला आहे, पण दूध म्हशीचे की पाणी घातलेले, हा प्रश्न उरतोच. म्हणून मोजमाप बरे. रंगाच्या कारखान्यांत यासाठी फोर्ड कप नावाचे भांडे वापरतात. त्यात सुमारे १०० मिलिलिटर रंग मावतो आणि तळाला सुमारे ४ मिलिमीटरचे छिद्र असते. भांडे भरून छिद्र मोकळे करायचे आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. पाणी सुमारे १० सेकंदांत रिते होते, तर स्प्रे गनसाठी रंग १८ ते २५ सेकंदांचा ठेवतात. एअरब्रशचा रंग पाण्याच्या आकड्याला अधिक जवळचा असतो. हे भांडे मिळाले नाही तरी काम अडू नये. एका डब्याच्या तळाला नीट गोल छिद्र पाडून, कारखान्यात उत्तम चाललेल्या रंगाचे सेकंद एकदा मोजून भिंतीवर लिहून ठेवले, तर त्या कारखान्यापुरते ते प्रमाण होते. माध्यमिक शाळेत श्यानता शिकविताना शिक्षकांना हाच प्रयोग पाणी, दूध व काकवी घेऊन सहज करून दाखविता येईल.

दाब कारागीर ‘पौंडा’त सांगतात, म्हणजे दर चौरस इंचास इतके पौंड. एअरब्रशला १५ ते ३० पौंड पुरतात. शाईसारख्या रंगाला त्याहूनही कमी. नेहमीच्या स्प्रे गनला ३० ते ५० पौंड लागतात. दाब, पातळपणा आणि तोंड ही तीन टोके एकमेकांना बांधलेली आहेत. रंग घट्ट केला तर तोंड मोठे किंवा दाब अधिक हवा. दाब कमी ठेवून जवळून बारीक काम करायचे तर रंग पातळ हवा. एका वेळी एकच टोक हलवावे. गन बिघडली असे वाटताच रंगात पाणी, कॉम्प्रेसरला दाब आणि सुईला पिळा असे तिन्ही उपाय एकदम केले, तर कशाने बिघडले आणि कशाने सुधारले हे कधीच कळत नाही.

पृष्ठभागावर पडलेला दोष स्वतःच आपले कारण सांगतो. रंगाच्या थेंबाला कोळ्यासारखे पाय फुटले, तर रंग फार पातळ किंवा गन फार जवळ. पृष्ठभाग पिठूळ, खरखरीत झाला, तर तुषार वाटेतच वाळले. दाब किंवा अंतर कमी करावे. संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडले, तर रंग घट्ट होता आणि तुषार नीट फुटले नाहीत. कपात बुडबुडे आले, तर तोंड सैल बसले आहे, त्याला तडा गेला आहे किंवा ते चोंदले आहे आणि हवा उलट रंगात शिरते आहे. एअरब्रश साधारणपणे ५ ते १५ सेंटिमीटरवर आणि स्प्रे गन १५ ते २० सेंटिमीटरवर धरावी, आणि हात थांबण्यापूर्वी कळ सोडावी. ओघळ बहुधा हात जिथे थांबला तिथेच असतो.

पाण्याचा स्वभाव

थिनरच्या रंगाची सवय असलेल्या कारागिराला पाण्याचा रंग हट्टी का वाटतो, याचे उत्तर पाण्याच्या गुणधर्मांत आहे. पाण्याचे पृष्ठताण सेंटिमीटरला सुमारे ७२ डाइन आहे, तर टर्पेंटाइनसारख्या द्रवांचे पंचवीस-तिशीच्या घरात. म्हणजे पाणी तुटून तुषार होण्यास अधिक विरोध करते, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर पसरण्याऐवजी थेंब धरते. शिवाय पाण्याचे बाष्प होण्यास थिनरच्या मानाने कितीतरी पट अधिक उष्णता लागते. थिनरचा रंग मूर्तीवर पोहोचेपर्यंत निम्मा सुकलेला असतो, तर पाण्याचा रंग ओलाच पोहोचतो. आणि हे सारे घडते कोकणातल्या श्रावणात, जेव्हा हवेतच पाणी मावत नाही.

यावर उपाय आहेत, पण ते सवयी बदलण्याचे आहेत. एका जाड थराऐवजी तीन-चार हलके थर द्यावेत आणि प्रत्येक थरानंतर नुसती हवा सोडून तो सुकवावा. पृष्ठभाग चकचकीत न ठेवता किंचित खरबरीत ठेवावा, म्हणजे पाणी थेंब धरत नाही. मूर्तींच्या दोन रांगांमध्ये पंख्याची हवा फिरेल एवढी जागा सोडावी. जागेची टंचाई असलेल्या कारखान्यांत हे सांगणे सोपे व करणे कठीण आहे, हे मान्य करावे लागेल. सामायिक रंगकाम व सुकवणीसाठी शेड उभारण्याची मागणी कारागिरांकडून आली, तर तिच्यामागचे हे तांत्रिक कारण ग्रामपंचायतीने ध्यानात घ्यावे.

थिनरचा रंगही पावसाळ्यात निर्धोक नसतो, ही बाजूही सांगितली पाहिजे. झपाट्याने उडणारा थिनर पृष्ठभाग थंड करतो, त्यावर हवेतील बाष्प बसते आणि रंगाला पांढुरकी झाक येते. पावसाने दोन्ही रंगांना सारखेच छळले आहे. फक्त जुन्या छळाची सवय झाली आहे.

पाण्यात मिसळणारा आणि पाण्यात विरघळणारा

या ठिकाणी अंमलबजावणी करणाऱ्यांचीही गफलत होते. डब्यावर ‘वॉटर बेस्ड’ असे लिहिले म्हणजे तो रंग विसर्जनानंतर पाण्यात विरघळेल, असे समजले जाते. ॲक्रिलिक इमल्शन पाण्यात मिसळते खरे; परंतु पाणी उडून गेले की त्यातील बंधकाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून प्लॅस्टिकचा अखंड पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. शाडूची मूर्ती त्याखाली विरघळली, तरी पापुद्र्याचे तुकडे पाण्यात राहतात. याउलट डिंक किंवा चिंचोक्याची खळ बंधक म्हणून वापरलेला रंग पुन्हा पाण्यात सुटतो. या दोन रंगांत तपासनीसाला फरक करायचा असेल, तर प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. काचेच्या पट्टीवर रंग लावून दोन दिवस सुकू द्यावा व पट्टी पाण्यात ठेवावी. रंग पाण्यात उतरला की पापुद्रा सुटला, हे डोळ्यांना दिसते. रंजकद्रव्य विषारी आहे की नाही, हे मात्र या कसोटीने कळत नाही. सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम २०१६ मध्ये अधिसूचित होऊन २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांबाबत त्या नियमाचा आधार घेणे कठीण, म्हणून अशा पुड्या टाळणेच बरे.

यंत्राच्या दृष्टीनेही हे दोन रंग भिन्न आहेत. ॲक्रिलिक सुईच्या टोकावर वाळून टणक होते. दर काही मिनिटांनी ओल्या कुंचल्याने टोक पुसावे लागते, आणि रात्रभर गनमध्ये राहिलेला रंग सकाळी पाण्याने निघत नाही. तो नुसत्या पाण्याने बेसुमार पातळ केला, तर बंधक विरळ होऊन थर पिठासारखा हाताला लागतो. त्यासाठी पाण्याबरोबर ॲक्रिलिक बंधकही घालावा लागतो. डिंकाचा रंग गनमध्ये वाळला तरी कोमट पाण्यात भिजवून निघतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र खळ पावसाळ्यात एका दिवसात आंबते, म्हणून ती रोज ताजी करावी व गाळून घ्यावी. टोकावर रंग वाळू नये म्हणून काही जण ग्लिसरीनचे थेंब टाकतात. उन्हाळ्यात हे चालते, पण ग्लिसरीन हवेतील ओलावा शोषते, आणि श्रावणात अशी मूर्ती हाताला चिकटत राहते.

कॉम्प्रेसर आणि त्यातील पाणी

एअरब्रशला मिनिटाला १५ ते २० लिटर हवा पुरते. एक अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर साधारणतः १०० लिटरच्या आसपास हवा देतो, त्यावर दोन-तीन एअरब्रश सहज चालतील, परंतु मोटारीच्या रंगाची मोठी गन चालणार नाही. मोठ्या गनला दोन ते तीन अश्वशक्ती लागते. लहान कॉम्प्रेसरवर मोठी गन लावली की प्रथम फवारा चांगला येतो व मग दाब घसरून थेंब पडू लागतात. दोष पुन्हा गनवर येतो.

दुसरी बाब पाण्याची. ३० अंश सेल्सियसच्या, बाष्पाने भरलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. ती हवा टाकीत एक-अष्टमांश आकारमानात दाबली आणि निवली, की त्यांपैकी सुमारे २५ ग्रॅम पाणी होऊन खाली पडते. ताशी ६ ते ७ घनमीटर हवा घेणारी लहान गन सहा तास चालली, तर जवळजवळ लिटरभर पाणी टाकीत साठते. ते रोज तळाच्या चावीने काढले नाही, तर नळीवाटे गनमध्ये येते आणि रंगलेल्या चेहऱ्यावर अचानक थेंब उडतो. नळीच्या तोंडाशी पाणी अडविणारा सापळा बसवावा. नळी भिंतीवरून वर चढवून मग खाली आणावी, म्हणजे पाणी मागेच राहते.

श्वास आणि सांडपाणी

नेहमीच्या गनमधून फवारलेल्या रंगापैकी मोठा भाग वस्तूवर न बसता हवेत उडतो. कमी दाबाने अधिक हवा देणाऱ्या गनमध्ये ही नासाडी बरीच घटते. हवेत उडालेला रंग कारागिराच्या छातीत जातो. तोंडाला बांधलेला रुमाल थिनरची वाफ अजिबात अडवीत नाही; तिच्यासाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो. पाण्याच्या रंगाची वाफ तितकी त्रासदायक नसते, म्हणून मुखवटाच नको, असे मानणे धोक्याचे आहे. रंगाची पूड व अभ्रक दोन्ही तुषारांबरोबर छातीत जातातच. धूळ अडविणारा मुखवटा आणि बाहेर हवा फेकणारा पंखा एवढे तरी प्रत्येक कारखान्यात असावे. शाळेतून थेट हंगामी कामाला येणाऱ्या मुलांना फवाऱ्याच्या खोलीत मदतीला ठेवण्याची जी प्रथा कोठे कोठे दिसते, ती शिक्षक व पंचायत सदस्यांनी एकत्र येऊन थांबवावी.

गन धुतलेले पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतले, तर मूर्तीवरचा रंग बदलून फारसे साधत नाही. हे पाणी पिंपात साठवावे. त्यात तुरटीची पूड घालून थोड्या वेळाने चिमूटभर चुना टाकून ढवळले, की रंगाचे कण गोळा होऊन तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी जाड फडक्यातून गाळून पुन्हा पहिल्या धुण्यासाठी वापरता येते. खाली राहिलेला लगदा उन्हात सुकवून सुक्या कचऱ्यात द्यावा. शेतात किंवा खतखड्यात टाकू नये.